दोन उटकटाऱ्या आणि एक जेसीबी

उटकटारीचा गोळा म्हणजे एक फूल नव्हे. त्या गोळ्यात बारीक फुले दाटीने बसवलेली असतात आणि प्रत्येक फुलाला स्वतःचे काटेरी आवरण असते. हात लावल्याशिवाय हे कळत नाही, आणि हात लावला की विसरत नाही.

मी अमरावतीची. आमच्याकडे ही वनस्पती पडीक शेतात आणि रुळांच्या कडेला उगवते, आणि तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. तिची एक थोराड बहीण सह्याद्रीच्या माथ्यावर राहते आणि वनस्पतिशास्त्राने तिला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नाव दिले आहे, हे वाचले तेव्हा दोघींना एकाच फेरीत पाहायचे ठरवले. मोठी साताऱ्याच्या पश्चिमेला, लहानी सांगलीच्या पूर्वेला. मधे दिवाळीनंतरची कोरडी हवा, उसाचे ट्रॅक्टर आणि एसटी. फेरी निवांत होईल, असा माझा अंदाज होता.

सड्यावर

ठोसेघरच्या पलीकडे एक वाडी आहे. तिच्या वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला वाडीतल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे पाठवले होते. दिनकर त्यांचे नाव, पण वाडीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. त्यांच्या पत्नी शालनताईसुद्धा नाही.

पोचल्यावर पाणी मिळाले, चहा मिळाला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत हवालदार उठले. "चला म्याडम. ऊन तिरकं हाय तवर बघायचं. दुपारी काय मजा न्हाई."

चढ दमवणारा होता. शेवटच्या वळणावर हवालदार बाजूला झाले आणि मला पुढे जाऊ दिले, घरातले पाहुण्याला आधी देवघर दाखवतात तसे.

उतारभर त्या उभ्या होत्या. माझ्या खांद्याला लागतील अशा, काही डोक्यावरून जाणाऱ्या. खोड मनगटाएवढे नाही, पण अंगठ्याहून जाड, सरळ. टोकाला गोळा, टेनिसच्या चेंडूहून मोठा, पांढुरका, आणि त्यावर इतक्या मधमाश्या की गोळा स्वतःच गुणगुणतोय असे वाटावे. मागे दरी, दरीत धुके, आणि धुक्याच्या वर हे चेंडू. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षे विशेषणे कापण्याचे काम केले आहे. इथे मला ती कापलेली सगळी परत हवी होती.

"थंडी सरली की वरचं वाळतंय," हवालदार सांगत होते. "मूळ खाली जित्तं ऱ्हातं. पुढल्या साली त्याच ठाण्यातनं परत उठतंय. हलत न्हाई पोस्ट सोडून."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. सड्याच्या कडेला देवीचे ठाणे आहे. यात्रेत पालखी याच उताराने वर जाते आणि पालखी वाहणारे अनवाणी असतात. दोन वर्षांपूर्वी एकाच्या पायात काटा मोडला आणि पालखी कलली. पडली नाही, पण कलली. तेव्हापासून वाडीत या झाडांबद्दल बरे बोलले जात नाही. गेल्या वर्षी कोयत्याने छाटली, तर पुन्हा उगवली. या वर्षी ग्रामपंचायतीने जेसीबी सांगितला होता. सोमवारी तो उतारावरून सरळ वाट कापणार होता, मुळांसकट.

"वाट खडकाकडनं वळवली तर थोडी लांब पडती, एवढंच," हवालदार म्हणाले. "मी सांगून सांगून थकलो. म्हणत्यात, उटकटारीच हाय की, खाली सगळ्या सांगली जिल्ह्यात माळ भरलाय तिनं. ही गेली तर काय बिघडलं?"

"माझ्या मैत्रिणीने सांगितले नाही का?"

"सांगितलं की. तर नाना म्हणाले, बाई कालेजात शिकवत्यात, पालखी आमी वाहतो."

नाना म्हणजे ज्यांच्या पायात काटा मोडला होता ते.

संध्याकाळी सरपंच स्वतः आल्या. वाडी त्यांना वहिनी म्हणते. त्या ओट्यावर न बसता उभ्यानेच बोलल्या. "हवालदार, शेवटचं सांगती. ती खालची आन ही वरची, दोन्ही झाडं सोमवारी सकाळी पारावर शेजारी शेजारी ठेवा. फोटू नको, झाडं. लोकांच्या डोळ्यांना निराळी दिसली तर वाट वळवू. न्हाई दिसली तर परत माझ्या दारात यायचं न्हाई."

"ठरलं," हवालदार म्हणाले, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी सांगलीच्याच दिशेला निघणार होते, हे एव्हाना वाडीभर झाले होते.

जेवायला नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. आमच्याकडे भाकर ज्वारीची आणि पाहुण्याला तिसरी घ्या म्हणून आग्रह करतात. शालनताई आग्रह करत नव्हत्या. न विचारता वाढत होत्या.

सकाळी निघताना परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मला एक गोष्ट दिसली. गडग्याच्या दगडी भिंतीकडेला काटेरी तारेचे कुंपण, आणि आत एक एकटी उटकटारी. गुडघ्याएवढी, बुडापासून फांद्या फुटलेली.

"ह्यो आमचा रिक्रूट," हवालदार अभिमानाने म्हणाले. "वरनं बी उडत आलंय. तीन वर्षं झाली. अजून ट्रेनिंग चालू हाय, उंची धरली न्हाई."

"शेजारची माणसं दोन पोरांची लग्नं करून मोकळी झाली," शालनताई भांडे घासता घासता म्हणाल्या, "ह्यांचा रिक्रूट अजून गुडघ्यावरच हाय. पाणी मात्र मी घालती, हंड्यानं."

"जागा खडकाळ हाय म्हणून."

"व्हय व्हय. दरसाल वाळतंय, दरसाल नवं उगवतंय, आन दरसाल जागा खडकाळ."

मी हसले आणि एसटीकडे निघाले. ते वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवे होते.

तासगाव आणि पुढे

कराडपर्यंत ऊस. त्यानंतर ऊस विरळ होतो, जमीन उघडी पडते आणि आकाश मोठे होते. तासगावात द्राक्षबागांच्या छाटण्या होऊन वेलींवर बारीक फुलोरा आला होता. बेदाण्याची शेड मात्र रिकामी होती. एकावर एक ओळीत ताणलेल्या जाळ्या, वर हिरवे कापड, आत फक्त वारा. द्राक्षे नसलेल्या दिवसांत बेदाण्याची शेड पाहणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळा पाहणे. स्टँडवर एका व्यापाऱ्याने मूठभर जुने बेदाणे हातावर ठेवले. "खावा. गेल्या सालचं हाय, पर ह्या सालीबी गोडच लागतंय."

हवालदारांनी मला पत्ता दिला होता तो बिराप्पांचा. बिराप्पा आणि त्यांची पत्नी लगमव्वा मेंढ्या राखतात. दरवर्षी पाऊस सरला की कळप घेऊन पश्चिमेला चालत जातात आणि शेताशेतांत मुक्काम करतात. मेंढ्यांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळते आणि शेतकरी त्यांना धान्य देतो. वाटेत हवालदारांच्या शेतावरही त्यांचा मुक्काम असतो. या वर्षी ते अजून निघाले नव्हते. त्यांचे घर कवठेमहांकाळच्या पुढे, जतच्या रस्त्यावर.

वडापमधून, म्हणजे प्रवासी भरून जाणाऱ्या जीपमधून, उतरल्याबरोबर लहानी दिसली. शोधावी लागली नाही. माळावर, बांधावर, विजेच्या खांबाच्या बुडाशी, सगळीकडे तीच. मी पिशवी खाली टाकून जमिनीवर बसले आणि पट्टी काढली.

एका दिवसापूर्वी मोठी पाहिलेली असल्याने फरक डोळ्यांत घुसत होता. ही उभी राहत नाही, पसरते. बुडापासूनच फांद्या फुटतात. गोळा लिंबाएवढा, आणि त्यातून काही सुया बाकीच्यांच्या बाहेर लांब आलेल्या, विस्कटलेल्या केसांसारख्या. वरचे जे गोळे मी पाहिले ते लेथवर कातल्यासारखे गोल होते, सुया अशा बाहेर नव्हत्या. पानाची खालची बाजू कापसासारखी पांढरी. मूळ बोटाएवढे, सरळ. ही एका हंगामात बी टाकते आणि मरते, पुढच्या वर्षी बी रुजते. वरची आपल्या मुळाला धरून राहते. चुलत बहिणी आहेत हे चेहऱ्यावरून कळते. पण एक घर बांधून राहणारी आणि दुसरी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी.

"काय हरवलंय का?" मागून आवाज आला.

ती लगमव्वा होती. साठीच्या आसपास, डोईवर पदर, हातात कात्री.

"उटकटारी पाहतेय. हवालदारांनी पाठवलंय."

"अगं बाई. ती बघाया कोण येतं? आमी ती दिसू नये म्हणून वाट बदलतो." मग मान वळवून ओरडली, "आवं! हवालदाराची पावनी आली. काट्यात बसलीया!"

बिराप्पांनी मला काट्यांतून उठवले. घरासमोर मेंढ्यांची कातरणी चालू होती. मला हुलग्याचे माडगे मिळाले, हुलग्याच्या पिठाची गरम गुळचट पेज. पहिला घोट मातीसारखा लागतो आणि तिसऱ्या घोटाला आणखी मागावेसे वाटते. मी काम सांगितले, तशी बिराप्पा हसले. "एक काय, गाडी भरून न्या. मूळ पायजे? खणून देतो. पैलं बाळंतिणीच्या केसात बांधायचं ते, सुटका लवकर व्हावी म्हणून."

"आता?"

"आता सून तासगावच्या दवाखान्यात जाती. तितं केसात काय बांधू देत न्हाईत."

लगमव्वा कातरलेली लोकर मांडीवर घेऊन वेचायला बसली. बोटे न थांबता काहीतरी काढून बाजूला टाकत होती. मी वाकून पाहिले. उटकटारीच्या फुटलेल्या गोळ्याचे तुकडे. एकेक बी, त्याभोवती राठ केस, आणि ते केस लोकरीत रुतलेले.

"ह्यो लय वांड," ती म्हणाली. "मेंढीच्या अंगावर बसून फुकट हिंडतोय. तिकीट न्हाई काढत."

"कुठपर्यंत?"

"आमी जाऊ तितवर. कऱ्हाड, सातारा. मुक्काम पडला की म्या मेंढराच्या अंगातनं उपसून काढती आन झटकती. तुमच्या हवालदाराच्या परड्यातबी झटकती की, गडग्याच्या कडंला. तितं शालनबाई च्या देती. च्या पीत पीत हातानं काम."

माडग्याचा वाडगा माझ्या हातातच राहिला.

गडग्याच्या कडेला. बुडापासून फांद्या. गुडघ्याएवढी. दरवर्षी वाळते, दरवर्षी नवी उगवते. तारेच्या कुंपणात पाणी पिऊन वाढलेला तो रिक्रूट सड्यावरून उडत आलेला नव्हता. तो इथून, या माळावरून, मेंढीच्या पाठीवर बसून गेला होता.

बातमी हाती लागली होती. मी उठून उभी राहिले आणि लगमव्वाचे हात धरले. तिला वाटले मला काटा टोचला. पुढच्याच क्षणाला दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी खाली बसले. सोमवारी हवालदार सगळ्या वाडीला सांगणार होते की या दोन झाडांत फरक आहे आणि तो आपल्याला कळतो. आणि त्यांच्याच घरामागे, काटेरी तारेत, त्यांनी तीन वर्षे चुकीचे झाड पाळले होते. कोणी त्याकडे बोट दाखवले, तर वाट वळवण्याची गोष्ट तिथेच संपणार होती.

हवालदारांना फोन लावला. वाडीत रेंज नव्हती. ती नसतेच.

परतीचा खोका

बिराप्पांनी एक आख्खे झाड मुळासकट, मातीसकट खणून दिले. तासगावच्या त्याच व्यापाऱ्याने बेदाण्याचा रिकामा खोका दिला. एसटीत चढताच वाहकाने खोका थांबवला.

"काय हाय ह्यात?"

"उटकटारी."

"इकायला?"

"दाखवायला. साताऱ्याला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "बाई, आमच्या रानात या. फुकट दावतो, वर च्या पाजतो."

मागच्या बाकावरचा एक माणूस खोक्याला टेकला आणि ओरडून उठला. सगळी गाडी हसली. एका बाईने तर सल्ला दिला, खोका दारात ठेवा, गर्दी आपोआप कमी होईल. विटा येईपर्यंत माझ्याभोवतीच्या तीन जागा रिकाम्या होत्या. आमच्या विदर्भातल्या गाड्यांत अनोळखी माणसाच्या सामानाची चौकशी जरा आडून होते. इथे ती समोरून होते आणि निकालही लगेच लागतो.

सोमवार

मी वाडीत पोचले तेव्हा पारावर माणसे जमू लागली होती. जेसीबी रस्त्यावर उभा होता आणि चालक सावलीत डबा खात होता. हवालदारांनी सड्यावरून एकच दांडा कापून आणला होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी त्यांना परड्यात नेले आणि खोका उघडून रिक्रूटशेजारी ठेवला. काही बोलायची गरज पडली नाही. त्यांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. मग खाली बसून गोळ्यातून बाहेर आलेल्या सुया मोजल्यासारख्या न्याहाळल्या. पान उलटून पाहिले. मी लगमव्वाची हकीकत सांगितली.

शालनताई दारात होत्या. त्यांना आधी कळले नाही, मग कळले. "म्हंजी तीन वर्षं मी हंड्यानं पाणी घातलं ते लगमव्वाच्या कचऱ्याला?"

हवालदार रिक्रूटच्या बुडाशी वाकले. मला वाटले ते झाड आताच उपटतील. पार गडग्याच्या पलीकडे होता, कोणाला दिसले नसते. झाड खोक्यात गेले असते आणि कुंपण रिकामे. मी तोंड उघडणार नव्हते.

ते उठले, गडग्यावर चढले आणि हाक मारली. "वहिनी! नाना! पारावर नको. सगळी इकडं या, परड्यात."

माणसे आली. वीसेक असतील, बायका गडग्यावर बसल्या. हवालदारांनी सड्यावरचा दांडा मधोमध उभा धरला, खोक्यातले झाड त्याच्या पायाशी ठेवले. फरक सांगितला: उंची, गोळा, सुया, मूळ. माना डोलल्या. नाना मात्र कुंपणाकडे बघत होते.

"आन त्ये काय हाय मग?"

"तेच दावायला बोलावलंय," हवालदार म्हणाले. "ह्येला मी सड्यावरचं प्वार समजलो. तार लावली. ती खोक्यातली बघा आन हे बघा. हे सांगलीचं हाय. मेंढराच्या लोकरीतनं आलं. तीन वर्षं मला कळलं न्हाई."

गडग्यावरून जो हशा फुटला तो जेसीबीच्या चालकापर्यंत गेला असावा. कोणीतरी म्हणाले, "हवालदार, बार्डरवर काय करत हुता वं? कुणालाबी सोडत हुता का आत?" हवालदारही हसले, पण कान लाल होते.

नानांना हसू आले नाही. ते पुढे आले. "आवं, तुमी रोज ह्या झाडाम्होरं बसताय. तुमालाच कळलं न्हाई, तर आमाला काय सांगताय येगळं हाय म्हणून?"

हाच प्रश्न मी बिराप्पांच्या माळावरून सोबत घेऊन आले होते.

"तेच म्हणतोय नाना," हवालदार म्हणाले. "मला कळायला तीन वर्षं आन सांगलीची एक फेरी लागली. त्या जेसीबीला कवा कळणार?"

नाना मागे सरले. सरपंच वहिनींनी सड्यावरचा दांडा हातात घेतला, काटे टाळून, आणि खोक्यातल्या झाडाच्या शेजारी धरला. बराच वेळ धरला. मग कुंपणाकडे बोट केले. "त्ये उपटा आधी. मला मूळ बघायचंय."

हवालदारांनी तार सोडवली. हातावर फडके गुंडाळले, झाड बुडाशी धरले आणि ओढले. ते पहिल्याच हिसक्याला आले. बोटाएवढे मूळ, टोकाला थोडी ओली माती.

"येवढंच?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "गेल्या साली सड्यावरचं एक काढाया मी कुदळ मोडली. तरी ते निघालं न्हाई."

"तुमी मला सांगितलं न्हाई कुदळ मोडल्याचं," हवालदार म्हणाले.

"लाज वाटली."

वहिनींनी जेसीबीच्या चालकाला हाक मारली आणि हाताने वळण दाखवले, खडकाकडून. चालकाने डब्याचे झाकण लावत विचारले, "मग ते गोळं न्हाई काढायचं?" "न्हाई," नानाच म्हणाले. "आन त्यांच्या जवळनं गाडी फिरवू नको रं. मी म्होरं चालतो." ते खरेच पुढे चालले, चपला घालून.

दुपारपर्यंत वाट वळली होती. मी सड्यावर पुन्हा गेले. गोळ्यांवर मधमाश्या होत्या, आणि परड्यातली काटेरी तार आता उताराच्या कडेला ठोकली जात होती. नाना खुंट धरून होते, हवालदार घाव घालत होते.

शालनताई पाणी घेऊन वर आल्या. उपटलेला रिक्रूट त्यांनी निघताना पाहिला होता, चुलीपाशी वाळत टाकलेला.

"आवं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तीन वर्षं नोकरी झाली त्याची. पेन्शन बसती का न्हाई?"